बिल पाठवून झालं, आता पैसे कुणाकडं मागू?

रेघोटी
३१ जुलै २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीला असते. पुण्यात जाहिरात एजन्सीत सहा वर्षं काढली, २०२१ ला नोकरी सोडून घरी आले, तेव्हापासून स्वतःचं काम. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांतली चित्रं, लग्नपत्रिका, पॅकेजिंगची लेबलं, कधीमधी एखादा लोगो. वर्षाची उलाढाल साधारण अकरा लाख. काम बरं चाललंय. गोंधळ आहे तो काम संपल्यानंतरचा.

आज महिनाअखेर म्हणून पहिल्यांदाच सगळी येणी एका कागदावर लिहून काढली. पुण्यातल्या एका कंपनीची सहा लेबलं, ७२,००० रुपये, मे महिन्यापासून. मुंबईच्या एका एजन्सीकडं सणांच्या पोस्टचे ४८,०००, एप्रिलपासून. एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आणि आतली नऊ चित्रं, १४,५००, तेही गेल्या वर्षीच्या दिवाळीचे. (यंदाच्या अंकासाठी परवा त्यांचा गोड आवाजात फोनही आला.) आणि इथल्याच एका घरची लग्नपत्रिका, ६,५००. त्या लग्नातलं जोडपं आता डोहाळजेवणाच्या तयारीत आहे.

बेरीज १,४१,०००. कागद बघून बाबा म्हणाले, “एवढी उधारी मी हळदीत कधी चढू दिली नाही.”

बाबा मार्केट यार्डात हळदीचे अडते. सौदा झाला, काटा झाला, की शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी. खरेदीदाराकडून काय यायचंय ते त्यांच्या वहीत एका पानावर दिसतं, जमा इकडं, नावे तिकडं. माझी उधारी थोडी व्हॉट्सॲपवर, थोडी मेलमध्ये, बाकीची डोक्यात.

माझी पद्धत सांगते, हसू नका. वर्डमधलं जुनं बिल उघडायचं, नाव आणि रक्कम बदलायची, पीडीएफ करायचं आणि ज्याच्याशी बोलणं झालं त्याला व्हॉट्सॲपवर टाकायचं. मग वाट बघायची. आजवर १७ नंबरचं बिल दोनदा निघालंय. एकदा एका शाळेला गेलेल्या बिलावर इचलकरंजीच्या साडीवाल्यांचं नाव तसंच राहिलं. शाळेच्या बाईंचं उत्तर आलं, “आम्ही साड्या मागवल्या नव्हत्या.”

अजून एक फजिती. गेल्या वर्षी ६०,००० चं बिल होतं, खात्यावर ५४,००० आले. मी तावातावानं मेल लिहिला, ठरलेल्या रकमेत परस्पर कपात करणं बरं दिसत नाही वगैरे. त्यांच्याकडून एका ओळीचं उत्तर: टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर. दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं मात्र एकच टक्का कापला होता. मग बरोबर कोण?

विचारायला आले होते की बिलांसाठी कुठलं ॲप घ्यावं. लिहिता लिहिता वाटायला लागलंय की ॲपनं हे सुटणार नाही. मुख्य अडचण ही की पैशाचं बोलायची वेळ आली की मी मऊ पडते. “बघा सवडीनं” असं माझ्याच तोंडून जातं. ॲडव्हान्स कसा मागता? जीएसटी घ्यावा का? मुंबईची एजन्सी म्हणते जीएसटी नंबर असता तर बरं झालं असतं. आणि अमेरिकेतल्या एका मराठी मंडळानं कार्यक्रमाचा लोगो करायला सांगितलाय, ५०० डॉलरला, ते पैसे इकडं आणायचे कसे?

जरा सविस्तर सांगा. इकडं विचारायला कुणी नाही, बाबांना सगळं हळदीतून समजावून सांगावं लागतं.


चौकट
१ ऑगस्ट, सकाळी ८.०५

नाशिककर फोटोग्राफर. लग्नं आणि थोडं प्रॉडक्ट शूट. माझा नियम सोपा आहे: तारीख अडवायला ४० टक्के, हळदीच्या दिवशी सकाळी ५० टक्के, अल्बमची पानं पसंत पडली की छपाईला जाण्याआधी उरलेले १०. लग्न लागल्यावर नवरा-नवरी फिरायला जातात आणि आपण उधारीला, हे दोन सीझन भोगल्यावर शिकलो.

घरगुती गिऱ्हाइकांसाठी बिलावर यूपीआयचा क्यूआर टाका, त्यात रक्कम आधीच भरलेली ठेवा. स्कॅन केलं की आकडा समोर, फक्त पिन टाकायचा. “किती होते हो ताई?” हा फोन बंद होतो. पत्रिकेसाठी तर सरळ सांगा की छपाईची फाइल पूर्ण पैसे आल्यावर. तोवर कमी रिझोल्यूशनचा नमुना.

कंपन्यांचं मात्र मला विचारू नका. तिथं माझेही अडकलेत.


नावेजमा
१ ऑगस्ट, दुपारी २.३०

रेघोटीताई, मी पलीकडच्या टेबलावर बसते. भोसरीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये अकरा वर्षं, व्हेंडरची म्हणजे माल-काम पुरवणाऱ्यांची बिलं हेच काम. तुमच्यासारख्यांचे “मॅडम, आमचं पेमेंट?” हे फोन माझ्याकडंच येतात. जेवायचा डबा बाजूला ठेवून लिहितेय, त्यामुळं थोडं फटकळ वाटलं तर सांभाळून घ्या.

मुद्दाम पैसे अडवणारे असतात, नाही असं नाही. पण माझ्या टेबलावरची बहुतेक बिलं पडून राहतात ती ती माझ्या टेबलावर आलेलीच नसतात म्हणून! तुम्ही बिल पाठवलंत मार्केटिंगच्या मुलाला, त्याच्या व्हॉट्सॲपवर. त्यानं अंगठा दाखवला. तुमच्या लेखी बिल पोचलं. आमच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. त्या मुलाला त्याचं लेबल मिळालं, त्याचं काम संपलं. तो नोकरी सोडून गेला तर बिलही त्याच्या फोनबरोबर गेलं.

काम घेतानाच, म्हणजे रेघ ओढायच्या आधी, तीन गोष्टी विचारा. व्हेंडर म्हणून माझी नोंद करायला काय काय लागतं? बिल कुठल्या मेलवर पाठवायचं? आणि तुमचं पेमेंट महिन्याच्या कुठल्या तारखांना सुटतं? आमच्याकडं १० आणि २५ ला सुटतं. ११ तारखेला हातात आलेलं बिल फार घाई केली तरी २५ च्या आत जात नाही, मग तुम्ही रोज फोन करा की एक दिवसाआड करा.

नोंदीला लागतं पॅन, कॅन्सल केलेला चेक, जीएसटी नसेल तर “नोंदणी नाही” असं सहीचं पत्र, आणि उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, तिचं खाली सांगते). हे सगळं एका पीडीएफमध्ये करून ठेवा, नवीन गिऱ्हाईक आलं की पहिल्याच मेलला जोडा. ज्यांनी हे आपणहून पाठवलं त्यांचं काम मी आधी करते. माणसाचा स्वभाव आहे, ज्यात कमी खटपट ते आधी.

पर्चेस ऑर्डर (पीओ), म्हणजे कामाची लेखी मागणी, मागा. नंबर मिळाल्याशिवाय काम सुरू करू नका. “पीओ मागाहून देतो, आधी डिझाइन पाठव” हे मार्केटिंगवाल्यांचं आवडतं वाक्य आहे. पीओशिवाय आलेल्या बिलाला माझ्या सिस्टिममध्ये चढायला जागाच नाही, मी मनात आणलं तरी.

बिलावर कंपनीचं कागदोपत्री नाव लिहा. पाटीवर, डब्यावर जे असतं ते ब्रँडचं नाव, ते चालत नाही. आणि फाइलचं नाव! “फायनल बिल २ नवीन” अशा नावाच्या सात फाइली माझ्याकडं आहेत, सातही वेगवेगळ्या चित्रकारांच्या. तुमचं नाव, बिल नंबर, महिना, एवढं पुरे. एकदा नोंदलेलं बिल मागं घेऊन त्याच नंबरचं दुसरं पाठवू नका, रक्कम जास्त लागली असेल तर क्रेडिट नोट काढा, म्हणजे तेवढी वजावट दाखवणारा कागद. तुमचे ते दोन १७ नंबर माझ्याकडं आले असते तर दुसरं मी डुप्लिकेट म्हणून परत पाठवलं असतं.

आता उद्यम. ही नोंदणी आधार नंबरावर ऑनलाइन होते, फुकट आहे. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट्स हजार-दोन हजार घेतात, तिकडं फिरकू नका. उपयोग काय? एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा कायदा, २००६ चा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत द्यायचे. करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण ती मुदतही ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. समजा बँक रेट ५.७५ असला, तर सव्वासतरा टक्के झाले.

खरं सांगू? व्याजाला कंपन्या फारशा घाबरत नाहीत, कारण ते कुणी मागतच नाही. घाबरतात आयकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या ४३बी (एच) कलमाला. १ एप्रिल २०२४ पासून तो आला आणि आमच्याकडं वारं फिरलं. तुमचे ७२,००० आम्ही मुदतीबाहेर थकवले आणि ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आम्हाला धरता येत नाही, त्यावर कर बसतो. ज्या वर्षी पैसे देऊ त्या वर्षी खर्च. म्हणून आता आमच्याकडं उद्यमवाल्या व्हेंडरांची वेगळी यादी असते आणि ऑडिटर ती मागतो. पण बिलावर तुमचा उद्यम नंबरच नसेल तर तुम्हाला त्या यादीत घेणार कोण? आज नोंदणी करून मेमधल्या बिलाला हा कायदा लावता येईल अशी आशा मात्र धरू नका, तो वादाचा विषय आहे. पुढच्या कामांसाठी करा.

टीडीएसचं: तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. कुणी तुमचं काम व्यावसायिक सेवा म्हणून त्याच कायद्याच्या १९४जे कलमाखाली धरतो, १० टक्के कापतो. कुणी कंत्राट म्हणून १९४सी खाली धरतो, व्यक्तीसाठी १ टक्का. चित्र तेच. १९४जे ची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला ३०,००० वरून ५०,००० झाली आहे, त्याच्या आतल्या गिऱ्हाइकानं कापू नये. कापलेले पैसे तुमच्याच पॅनवर सरकारजमा होतात. आयकराच्या साइटवर २६एएस (कापलेल्या कराचा तुमचा उतारा) उघडून बघा. ते ६,००० तिथं दिसले नाहीत तर मग खुशाल तावातावानं मेल लिहा, मी मजकूर देईन.

डबा गार झाला.


रेघोटी
१ ऑगस्ट, दुपारी ३.१५

बाई गं. नावेजमाताई, हे सहा वर्षं एजन्सीत काढूनही मला माहीत नव्हतं. आम्ही वरच्या मजल्यावर, अकाउंट्स खाली. खाली फक्त दिवाळीचा बोनस घ्यायला जायचो.

पुण्याच्या त्या कंपनीत मी बिल मार्केटिंगच्या मुलालाच पाठवलं होतं. त्याचा डीपी गेले दोन महिने दिसत नाही. आता पोटात गोळा आलाय.

२६एएस बघितलं. ६,००० आहेत. त्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली.


सहीशिक्का
१ ऑगस्ट, संध्याकाळी ७.५०

सीए आहे, कोल्हापूर. जीएसटीचं थोडक्यात.

सेवेसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढाल. तुमचे अकरा. दुसऱ्या राज्यातलं गिऱ्हाईक असलं तरी मर्यादा तीच. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, “टॅक्स इन्व्हॉइस” असं शीर्षकही द्यायचं नाही. नुसतं “बिल” लिहा.

एजन्सी म्हणते म्हणून नोंदणी घेण्याआधी हे वाचा. तुमच्या कामाला दर १८ टक्के. ७२,००० चं बिल काढलंत की १२,९६० रुपये कर देय झाला, गिऱ्हाइकानं पैसे दिले असोत वा नसोत. म्हणजे उधारी त्याची आणि भरणा तुमच्या खिशातून. ॲडव्हान्स घेतला तर सेवेवर त्या ॲडव्हान्सवरही कर. काम नसलेल्या महिन्यांचंही शून्याचं रिटर्न भरायचं. एजन्सीला दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळतं म्हणून तिला जीएसटीवाले आवडतात, पण तुमच्याकडून बिनजीएसटीचं काम घेतल्यानं तिचं नुकसान काहीच होत नाही, हे तिच्या अकाउंटंटला विचारा. पुढं १८-१९ लाखांवर गेलात की मग भेटा. बिलांचे नंबर मात्र आत्तापासून शिस्तीत ठेवा: आर्थिक वर्षाला एक मालिका, सलग, दर एप्रिलला नव्यानं.

अमेरिकेचे पैसे: २० लाखांच्या आत आहात तोवर त्यासाठीही नोंदणी लागत नाही. बँक खात्यावर थेट मागवा. आपल्या बँकेकडून स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड) आणि पाठवणाऱ्याला लागणारा तपशील लेखी घ्या. मंडळाच्या खजिनदारांना सांगा की वायर करताना, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवताना, सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडं हा पर्याय निवडा, नाहीतर मधल्या बँका थोडेथोडे चावे घेतात. पैसे आल्यावर बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड, विचारेल, त्यांच्या यादीतून आपल्या कामाला जुळणारा द्या, आणि परकीय चलन आल्याचा दाखला मागून फाइलला लावा.

आणखी एक. आयकराच्या त्याच कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली उलाढालीच्या निम्मं उत्पन्न दाखवून मोकळं व्हा, असं यूट्यूबवर कुणी सांगेल. चित्रकार-डिझायनर त्या व्यवसायांच्या यादीत बसतो का यावर आमच्यातच एकमत नाही. कुणाला तरी कागद दाखवून ठरवा. आणि रिटर्न मुदतीच्या आत उरका.


बोरू
२ ऑगस्ट, सकाळी ६.२०

दादरला चाळीस वर्षं अक्षरं काढतोय. पाट्या, मुखपृष्ठं, नाटकांच्या जाहिराती. वरच्या दोघांनी कायदा सांगितलाच आहे, मी दिवाळी अंकाचं सांगतो, कारण त्या चौदा हजार पाचशेसाठी कुठलाही पीओ निघत नसतो.

रेघोटी, अंकाचा पैसा येतो जाहिरातीतून, आणि जाहिरातदार पैसे देतो अंक हातात पडल्यावर, म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर. संपादक बापडा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो, त्याच्याकडं खरंच नसतात. आधी छापखाना, मग कागदवाला, मग लेखकाचं मानधन, आणि रांगेत शेवटी चित्रकार. नोव्हेंबरात मागायला गेलीस की तू शेवटचीच असणार.

पण श्रावणात तू पहिली असतेस. जाहिराती गोळा करायला हिंडताना त्याला दाखवायला काय लागतं? मुखपृष्ठ! लेख आलेले नसतात, कथा आलेल्या नसतात, तुझं चित्र तेवढं पाहिजे असतं. तेव्हा बोलायचं. मी नव्वदच्या दशकापासून हेच करतो: मुखपृष्ठाचे पैसे मुखपृष्ठ देताना, आतल्या चित्रांचे अंक निघाल्यावर. आतल्यांचे बुडाले तर बुडाले, मूळ रक्कम हातात असते. परवाच फोन आलाय म्हणतेस ना? मग हीच वेळ. गेल्या वर्षीचे १४,५०० आणि यंदाच्या मुखपृष्ठाचे, दोन्ही एका वाक्यात माग.

दुसरं, हक्काचं. कोटेशनमध्ये एक ओळ घाल: “चित्राच्या वापराचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर.” कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, १९ वं कलम बघ. हक्क देणं लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. एका प्रकाशकानं माझं शीर्षक बिनपैशाचं तीन आवृत्त्यांत वापरलं होतं, ही ओळ नव्हती म्हणून मी बोलू शकलो नाही. नंतरच्या कागदांवर ती आहे. त्याच कागदावर लिहायचं की दोनदा बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे. “जरा ते हिरवं थोडं वेगळं बघू” ला अंत नसतो.

आणि ते “बघा सवडीनं”. आमची आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. तोंडानं जमत नसेल तर कागदाला बोलायला लाव, तो लाजत नाही.


चौकट
२ ऑगस्ट, सकाळी ९.१०

बोरूकाका, मुखपृष्ठाची युक्ती जबरदस्त. नावेजमा यांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे. माझे कंपनीतले अडकलेले पैसे कुठं असतील ते आत्ता कळलं.


रेघोटी
२३ ऑगस्ट, रात्री १०.३०

तीन आठवड्यांनी परत आले. गणपतीच्या ऑर्डरींत बुडाले होते, पण हिशोब सांगायलाच हवा.

आधी पुण्याची कंपनी. मार्केटिंगचा तो मुलगा मेअखेर नोकरी सोडून गेला होता. कंपनीच्या मुख्य नंबरवर फोन करून अकाउंट्सचा मेल मिळवला आणि हे लिहिलं (नावेजमाताईंनी व्यक्तिगत निरोपात दोन ठिकाणी कात्री लावून दिली):

“नमस्कार. बिल क्र. १४, दिनांक १२ मे २०२५, रक्कम ७२,००० रुपये. सहा लेबलांच्या अंतिम फाइली, आपल्याकडून १० मे रोजी मंजूर, मंजुरीचा मेल सोबत. हे बिल आपल्याकडं नोंदलं गेलं आहे का आणि कुठल्या तारखेच्या पेमेंटमध्ये आहे, एवढं कळवावं. पॅन, कॅन्सल चेक आणि जीएसटी नोंदणी नसल्याचं पत्र जोडलं आहे.”

माझ्या मूळ मसुद्यात “आपणास त्रास देते, क्षमस्व” असं दोनदा होतं. दोन्ही उडवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की बिल मिळालेलंच नाही. पीओ होता, बिल नव्हतं! २० तारखेला ६४,८०० जमा झाले. ७,२०० टीडीएस. या वेळी तावातावानं काही लिहिलं नाही.

मुंबईच्या एजन्सीचं अर्धंच जमलं. त्यांच्याकडं पीओ कधी निघालाच नव्हता, फोनवर ठरलं होतं सगळं. ज्यांच्याशी ठरलं त्या मॅडम म्हणतात दर ४८,००० नव्हे, ४०,००० ठरला होता. माझ्याकडं लेखी काही नाही. भांडले, मग ४०,००० वर थांबले. पुढच्या महिन्यात देतो म्हणाले आहेत, तारीख मेलवर घेतली. ते आठ हजार मी धडा शिकल्याची फी म्हणून सोडले.

दिवाळी अंक. बोरूकाका, तुमचं वाक्य फोनसमोर चिकटवून ठेवलं होतं. वाचून दाखवल्यासारखंच बोलले असेन. पलीकडं इतकी शांतता की मला वाटलं फोन कटला. मग संपादक म्हणाले, “अहो, बरोबरच आहे तुमचं.” गेल्या वर्षीचे सात हजार लगेच पाठवले, उरलेले साडेसात आणि यंदाच्या मुखपृष्ठाचे पूर्ण पैसे चित्र देतानाच. चित्र सोमवारी द्यायचंय. पैसे आले तरच द्यायचंय, हे मला मीच रोज सांगतेय.

लग्नपत्रिकेचे सहा हजार पाचशे त्या घरच्या बाईंनी घरी येऊन रोख दिले, वर पेढे. “अगं तू मागितलेच नाहीस” म्हणाल्या. यावर काय बोलणार.

ॲपचं म्हणाल तर झोहो इन्व्हॉइस घेतलंय, फुकट आहे, नंबर आपोआप पुढं सरकतो, त्यामुळं १७ दोनदा होत नाही. बिल आता काम मंजूर झालं त्याच दिवशी, बाबांच्या पट्टीसारखं. कोटेशनचा एक साचा केलाय: निम्मे आधी, दोनदा बदल, हक्कांची ओळ, बिलाची मुदत १५ दिवस. उद्यमची नोंदणी एका दुपारी झाली. शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास फक्त येणी बघायची.

मंडळाचे पैसे आले, पण ५०० चे ४८२ डॉलर. शुल्काचं त्यांना सांगायलाच विसरले.

शिवाय एक गूगल शीट केली, वहीसारखी. बाबांना दाखवली. चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “नावे डावीकडं का? जमा डावीकडं, नावे उजवीकडं. चाळीस वर्षं तशीच लिहितोय.” आता नावेजमाताई, कॉलेजात तर मला उलट शिकवलं होतं. कुणाचं ऐकू?


नावेजमा
२४ ऑगस्ट, सकाळी १०.०५

इंग्रजी पद्धतीत नावे डावीकडं, आपल्या जुन्या कीर्दीत (रोजच्या हिशोबाच्या वहीत) जमा डावीकडं. दोघंही बरोबर.

बाबांचं ऐका. शीट त्यांना रोज दाखवायची आहे, मला नाही.